बोधाची घाई

सांप्रत आपल्या धर्मग्रामांतून एक नवा व्यवसाय भरभराटीस आला आहे. तो म्हणजे बोध काढण्याचा. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच मोबाइलवर गुलाबाच्या चित्रासह एक कथा येऊन पडलेली असते. गाजर, अंडे आणि कॉफी उकळत्या पाण्यात टाकली असता प्रत्येकाचे काय होते हे सांगून ती संकटात कसे वागावे ते आपल्याला शिकवते. दुपारपर्यंत तीच कथा आणखी तीन गटांतून परत येते आणि रविवारी कुठल्या तरी प्रवचनात तिची पुन्हा गाठ पडते. लघु ख्रिस्ती समूहाच्या सभेत ‘या आठवड्यात देवाने तुम्हांला काय शिकवले?’ असा प्रश्न विचारला जातो आणि प्रत्येकाने मिनिटाभरात उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. दूध उतू गेले, बोध मिळाला. गाडी चुकली, बोध मिळाला. शेजारणीचा मुलगा नापास झाला, त्यातही बोध मिळाला. तो मात्र बहुधा शेजारणीसाठी असतो.

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून आमची भूमिका प्रारंभीच स्पष्ट करतो. रोजच्या जगण्यात देव भेटतो यावर आमची पूर्ण श्रद्धा आहे. शब्द देही झाला, हा आपल्या धर्माचा पाया आहे. देवाच्या पुत्राने नाझरेथच्या एका सुताराच्या घरी सुमारे तीस वर्षे काढली आणि त्या प्रदीर्घ काळातला, मंदिरातला एक प्रसंग सोडला तर, एकही प्रसंग शुभवर्तमानकारांनी नोंदवलेला नाही. पाणी, तेल, भाकर आणि द्राक्षारस या घरातल्याच वस्तू आपल्या संस्कारांत देवाच्या कृपेची साधने झाल्या आहेत. तेव्हा स्वयंपाकघरात, शेतात, विरार लोकलच्या गर्दीत देवाचा शोध घेऊ नका असे आम्ही कसे म्हणू? आमचा आक्षेप शोधाला नाही. शोध सुरू होण्यापूर्वीच उत्तर हाती घेऊन बसण्याच्या प्रवृत्तीला आहे. अनुभव पुरता पाहण्याआधीच त्याच्या शेपटीला तात्पर्याची चिठ्ठी बांधण्याची जी घाई आपल्याला झाली आहे, ती श्रद्धेचे लक्षण नसून श्रद्धेला चुकवण्याची एक सोयीस्कर पळवाट आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘प्रभू येशूनेही रोजच्या जीवनातल्याच गोष्टी सांगितल्या ना?’ असे कुणी विचारील. अवश्य सांगितल्या. पण त्या कशा सांगितल्या हे एकदा नीट पाहावे. त्याच्या दाखल्यांत शेतकरी आहे, मेंढपाळ आहे, कोळ्यांचे जाळे आहे, पीठ भिजवणारी गृहिणी आहे, हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई आहे. ही माणसे बोध देण्यासाठी आणून उभी केलेली बाहुली नव्हेत. त्यांना त्यांचे काम आहे, त्यांचा हिशेब आहे, त्यांची चिंता आहे. आणि दाखला ऐकून झाल्यावर ऐकणारा सुखावून घरी जात नाही. तो अस्वस्थ होतो, कधी संतापतोही.

मत्तयच्या शुभवर्तमानातला विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला घ्या. मालक पहाटे मजूर आणायला बाजारात जातो. नंतर नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणि शेवटी सायंकाळी पाचच्या सुमारास पुन्हा जातो. पाच वाजताही तेथे माणसे उभी असतात. का उभी आहात, असे त्याने विचारल्यावर आम्हांला कुणी कामच दिले नाही, असे ती सांगतात. संध्याकाळी सर्वांना सारखीच, ठरलेली एक दिनार मजुरी मिळते आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. या दाखल्याचे तात्पर्य आपल्याला पाठ आहे. देवाची कृपा सर्वांना सारखी मिळते, उशिरा आलेल्यालाही स्वर्ग मिळतो. हे खरेच आहे. परंतु ज्या अनुभवातून हा दाखला उगवला तो अनुभव आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे. वसई असो, नालासोपारा असो वा मुंबईचे कोणतेही उपनगर असो, तिथल्या मजूर नाक्यावर सकाळी थापी, फावडे, रंगाचा ब्रश घेऊन माणसे उभी असतात. धडधाकट तरुणांना मुकादम आधी उचलतो. ज्याचे केस पिकले आहेत, ज्याचा एक पाय अधू आहे, जी बाई कडेवर मूल घेऊन आली आहे, ती माणसे अकरापर्यंत उभी राहतात आणि मग डबा न उघडता परत जातात. दिवस मावळेपर्यंत त्यांच्याही मुलांना भूक लागणारच असते. दाखल्यातल्या मालकाने त्या भुकेचा हिशेब केला. आपण रविवारी या दाखल्यातून कृपेचा बोध घेतो आणि सोमवारी गच्चीची गळती थांबवायला नाक्यावरून माणूस आणताना पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. दाखला ज्या जागी टोचायला हवा तिथेच आपण त्याला मऊ कापसात गुंडाळून ठेवला आहे.

घाईच्या बोधाचे दुष्परिणाम कोणते ते आता क्रमाने पाहू.

पहिला दुष्परिणाम हा की, तो देवाला कारकून बनवतो. अपघातातून वाचलेला मनुष्य मिस्सेचे दान देताना म्हणतो, “फादर, देवाने मला वाचवले, कारण मी रोज रोझरी म्हणतो.” त्याच्या कृतज्ञतेचा आम्ही आदर करतो. पण त्याच अपघातात गेलेला त्याच्या शेजारच्या आसनावरचा प्रवासीही कदाचित रोझरी म्हणत असेल. त्याच्या घरच्यांनी या वाक्याचा काय अर्थ घ्यायचा? असा हिशेब मांडणारे लोक येशूच्या काळीही होते. लूकच्या तेराव्या अध्यायात त्यांची हकिगत आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती माणसे यरुशलेमेतल्या इतर सर्वांहून अधिक दोषी होती असे तुम्हांला वाटते काय, असे विचारून प्रभूने स्वतःच त्याचा स्पष्ट इन्कार केला आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन केले. योहानच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. शिष्यांना त्या आंधळ्यात एक धर्मशास्त्रीय प्रश्न दिसला. प्रभूला एक माणूस दिसला. हा भेद आपण विसरलो की आपली धार्मिकता निर्दय होते.

२०२० साली कोरोनाच्या साथीत या निर्दयतेचा उघड प्रत्यय आला. देवाने जगाला धडा शिकवण्यासाठी हा रोग पाठवला, माणसे घरात बसून एकत्र प्रार्थना करू लागली हा केवढा लाभ, असे संदेश त्या दिवसांत घरोघर फिरत होते. त्याच दिवसांत महामार्गांवरून हजारो मजूर डोक्यावर बोचके आणि काखेत मूल घेऊन शेकडो मैल चालत गावी निघाले होते. एकत्र बसायला ज्यांना घरच नव्हते त्यांच्यासाठी या धड्यात कोणता पाठ होता? त्या वर्षी २७ मार्च रोजी पोप फ्रान्सिस पावसात भिजणाऱ्या रिकाम्या संत पेत्राच्या चौकात उभे राहिले आणि त्यांनी वादळात सापडलेल्या शिष्यांच्या नावेवर चिंतन केले. ही वेळ देवाने आपला न्याय करण्याची नाही, महत्त्वाचे काय आणि क्षणभंगुर काय याची निवड आपण करण्याची आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांनी साथीतून धडा काढून देवाच्या नावावर खपवला नाही. त्यांनी प्रश्न आपल्या पदरात टाकला.

दुसरा दुष्परिणाम याहून दुःखद आहे. घाईचा बोध शोकाचा अपमान करतो. धर्मगुरू म्हणून आम्हांला मृत्यूच्या घरी वारंवार जावे लागते. तरुण विधवेच्या शेजारी बसून कुणी तरी हटकून म्हणते, “बाय, देवाला चांगली माणसे आधी लागतात.” मूल गमावलेल्या आईला सांगितले जाते की, देवाला आपल्या बागेसाठी एक फूल हवे होते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. समोरचे दुःख त्याला सोसत नाही म्हणून तो त्यावर वाक्याचे झाकण ठेवतो. परंतु आईच्या कुशीतून फुले खुडणारा हा कोणता देव आपण तिच्या पुढ्यात उभा करीत आहोत? पुढे कित्येक महिने ती आई चर्चची पायरी चढत नाही आणि आपणच पुन्हा म्हणतो, तिची श्रद्धा कमी पडली!

ईयोबाचे पुस्तक आपल्या बायबलमध्ये आहे, पण ते आपण फारसे वाचत नाही. ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि त्याची दशा पाहून सात दिवस व सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहिले. तोवर ते उत्तम मित्र होते. आठव्या दिवसापासून त्यांनी बोध काढायला आरंभ केला, त्याच्या दुःखाची कारणे शोधली, त्याला देवाची बाजू समजावून सांगितली. पुस्तकाच्या अखेरीस देवाचा कोप होतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची वकिली करणाऱ्या या मित्रांवर. प्रभू येशूकडे पाहा. लाजरसला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो थडग्याकडे जाताना रडला. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला हे खरे, पण मरियेचे अश्रू पाहिल्यावर त्याने भाषण केले नाही. देवाच्या पुत्राला जिथे अश्रू आवरले नाहीत तिथे आपल्याला सुभाषिते सुचावीत, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

तिसरा दुष्परिणाम आम्ही सर्वांत घातक मानतो, कारण तो भक्तीच्या वेषात येतो. घाईचा बोध आपल्याला आपल्या अपराधापासून वाचवतो. उदाहरण घरचेच घेऊ. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला. रेल्वे बंद पडली, वीज गेली, मिठागरांतली कुटुंबे पाण्यात अडकून पडली. पाणी ओसरल्यावर आपण पुष्कळ बोध घेतले. निसर्गापुढे मनुष्य किती क्षुद्र आहे हे देवाने दाखवले. शेजाऱ्याने शेजाऱ्याला खिचडी नेऊन दिली, ख्रिस्ती प्रेमाचे दर्शन घडले. हे सर्व खरे आणि खिचडीचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण पाणी घरात का शिरले, हा प्रश्न त्या बोधांच्या यादीत फारसा दिसला नाही.

आपल्या पूर्वजांनी वसईच्या वाड्यांतून बावखले खोदून ठेवली होती. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे, विहिरींना गोडवा देई आणि उन्हाळ्यात रहाटाने वर येऊन केळी, पानवेली आणि फुलझाडे जगवी. ती बावखले आता एकामागून एक बुजवली गेली. ओहोळांच्या वाटा अडल्या, भातखाचरांत भराव पडला, त्यावर इमारती चढल्या. मुरायला जागा न उरलेले पाणी माणसाच्या घराखेरीज कुठे जाणार? या भरावांची खरेदीखते कुणाच्या कपाटांत आहेत? विकासक बाहेरून आला असेल, पण सातबाऱ्यावरची सही पुष्कळदा आपल्यापैकीच कुणाची तरी आहे आणि त्याच हाताने आपण क्रुसाची खूण करतो. देवाने पूर पाठवून नम्रता शिकवली असे म्हटले की हे सर्व प्रश्न मिटतात. देव शिक्षक झाला, आपण विद्यार्थी झालो, आरोपी कुणीच उरला नाही.

याच भूमीत अनुभवाचे वाचन कसे करावे याचा धडाही घडलेला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस विहिरींतला उपसा आणि टँकरच्या रांगा लोक पाहत होते आणि हरित पट्टा बांधकामाला खुला होण्याचे संकट उभे होते. पाणी ही देवाची देणगी आहे एवढ्या बोधावर थांबणे तेव्हाही सोपे होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सर्व धर्मांतले सहकारी तेथे थांबले नाहीत. पाणी कुठून उपसले जाते, कुणाला विकले जाते, कुणाचा लाभ होतो आणि कुणाच्या विहिरी खारावतात हे त्यांनी विचारले आणि त्यातून हरित वसईची चळवळ उभी राहिली. त्या चळवळीच्या प्रत्येक भूमिकेशी प्रत्येकाचे एकमत व्हावे असा आमचा आग्रह नाही. जुलै २०२४ मध्ये फादर आपल्यातून गेले तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ भावपूर्ण लिहिले गेले. पण त्यांच्या जीवनातून घ्यायचा बोध कोणता असे कुणी विचारील तर आम्ही म्हणू, एखाद्या बुजणाऱ्या बावखलाच्या काठावर जाऊन उभे राहा आणि मग विचारा.

आता आक्षेपाकडे वळू. काही सुजाण वाचक म्हणतील, फादर, सामान्य माणसाला साधी गोष्ट आणि सोपा बोध लागतो; दिवसभर राबून आलेल्या माणसाला प्रश्नांचे ओझे कशाला? आम्हांला हा आक्षेप सामान्य माणसाचा अवमान करणारा वाटतो. दाणा मातीत पडून मेल्यावाचून पीक येत नाही हे प्रभूचे म्हणणे नांगर धरलेल्या माणसाला जितके कळते तितके पुस्तकी पंडिताला कळत नाही. पहाटे चारला उठून होडी लोटणाऱ्या कोळ्याला रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परतणे म्हणजे काय हे पेत्राइतकेच ठाऊक आहे. त्याला बोध पुरवण्याची गरज नाही. त्याचे ऐकून घेण्याची गरज आहे. साधेपणा आणि उथळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीचे पाणी नितळ असते तेव्हा तळ दिसतो, आणि डबक्यातही तळ दिसतो. पण तहान भागवायला आपण कुठे जातो?

मग करावे काय? ख्रिस्तसभेने याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. बेल्जियममधील धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी कारखान्यांत राबणाऱ्या तरुणांना तीन पायऱ्या शिकवल्या होत्या: पाहा, पारखा, कृती करा. पोप तेविसावे योहान यांनी १९६१ सालच्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या विश्वपत्रात या तीन पायऱ्यांचा पुरस्कार केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, काळाची चिन्हे तपासून त्यांचा शुभवर्तमानाच्या प्रकाशात अर्थ लावणे हे ख्रिस्तसभेचे कर्तव्य असल्याचे सांगितले. या क्रमाकडे लक्ष द्यावे. पाहणे पहिले आहे. पारखणे त्यानंतर आहे, आणि पारखण्याची कसोटी शुभवर्तमान आहे, आपली सोय नव्हे. शेवटी कृती आहे. आपण पहिली पायरी गाळतो, दुसरी घाईने ओलांडतो आणि तिसऱ्या पायरीच्या जागी तोच संदेश पुढच्या दहा जणांना धाडतो.

५ जानेवारी १९६४ रोजी पोप सहावे पौल नाझरेथला गेले होते. त्या साध्या घराच्या शाळेत काय शिकायला मिळते हे त्यांनी तेथे सांगितले. कुटुंबजीवनाचा आणि श्रमाचा धडा त्यात होताच. पण त्यांनी सर्वांत आधी मांडला तो मौनाचा धडा. नाझरेथमध्ये पवित्र मरियेनेही हेच केले. तिला जे उमगले नाही ते तिने अंतःकरणात जपून ठेवले, असे लूक सांगतो. पुत्र हरवला, सापडला, त्याने दिलेले उत्तर तिला कळले नाही; तिने त्याचा तात्काळ बोध काढला नाही. वर्षांमागून वर्षे ती ते मनात वागवत राहिली आणि अखेर क्रुसाखाली उभी राहिली. आपल्या श्रद्धेची माता जर एवढी वाट पाहू शकली, तर आपल्याला रात्रीपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

म्हणून आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आमची एक विनंती आहे. रात्रीची रोझरी झाल्यावर दिवे मालवण्यापूर्वी दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून बसावे. आज काय घडले ते प्रत्येकाने जसेच्या तसे सांगावे. लोकलमध्ये कुणाला धक्का बसला, कार्यालयात कुणाचा अपमान झाला, भाजीवालीशी काय बोलणे झाले, शाळेत कुठल्या मुलाला सगळ्यांनी एकटे पाडले. सांगणाऱ्याला मध्येच तोडून कुणी शिकवण देऊ नये, वडिलांनी तर मुळीच नाही. मग दोन प्रश्न विचारावेत: या प्रसंगात कुणाचे दुःख होते? आणि त्यात आमचा वाटा किती होता? उत्तर मिळाले तर उद्या करण्याजोगे एक काम ठरवावे. न मिळाले तर आमच्या बापा म्हणून झोपी जावे. अनुत्तरित प्रश्न देवाच्या स्वाधीन करणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे. किंबहुना रोज मिळणाऱ्या तयार उत्तरांपेक्षा ती अधिक प्रामाणिक प्रार्थना आहे.

तसेच आमच्या धर्मगुरुबंधूंना आणि धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना एक नम्र पण आग्रहाची सूचना आहे. परदेशी बोधकथांची पुस्तके काही महिने कपाटात राहू द्यावीत. गरुड आणि कोंबडीची पिले आपल्या मुलांना पुष्कळ झाली. त्याऐवजी आठवड्यातून एकदा मजूर नाक्यावरून चालत जावे, रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसावे, ज्या घरात दारू शिरली आहे त्या घरातल्या मुलीचे म्हणणे एकदा ऐकून घ्यावे, आणि मग येत्या रविवारचे शुभवर्तमान पुन्हा उघडावे. ते वेगळे वाचता येईल. कदाचित प्रवचन आखूड होईल आणि शेवटी तात्पर्य सापडणार नाही. सापडू नये. द्राक्षमळ्याच्या दाखल्याच्या शेवटी मालकाने कुरकुरणाऱ्या मजुराला एक प्रश्नच विचारला आहे, आणि त्या मजुराने काय उत्तर दिले हे मत्तयने लिहून ठेवलेले नाही. ते उत्तर त्याने आपल्यासाठी मोकळे ठेवले आहे, आणि सोमवारी सकाळी नाक्यावर ते आपल्याला द्यावे लागणार आहे.